खर्ड्यात ऊन भरपूर, मग मुलांचे पाय का दुखतात?

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात उन्हाची कमी नाही. तरी रात्री पोर 'पाय दुखतात' म्हणून रडलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, 'डी व्हिटॅमिन कमी असेल.'

असेलही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या ५ ते ९ वयाच्या १८ टक्के, तर १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये ते कमी आढळलं. त्वचेत डी तयार करणारे किरण दुपारच्या उन्हात जास्त असतात. नेमकी तेव्हाच मुलं वर्गात. काचेतून आलेलं ऊन तर उपयोगाचं नाही. डी कमी पडलं की कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात. त्याचं टोक म्हणजे मुडदूस.

पण रात्री दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी पोर पुन्हा उड्या मारतं, अशी दुखणी बहुतेकदा वाढीच्या वयातली, निरुपद्रवी असतात. डी दिल्यानं ती थांबतातच, असं सिद्ध झालेलं नाही.

लंगडणं, एखादा सांधा सुजणं, ताप, घटणारं वजन दिसलं तर मात्र थेट डॉक्टर गाठा. आणि मेडिकलमधून ६०,००० युनिटचं पाकीट मनानं आणू नका. मुलांची रोजची गरज साधारण ६०० युनिट. जादा डी शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला इजा करू शकतं.