‘आम्ही कुठं विकतो? गिऱ्हाईक स्वतःच आणतं!’

हे वाक्य हायवेवरच्या ढाब्यात ऐकू येतं, हुरडा पार्टी ठेवणाऱ्या शेतमालकाकडून ऐकू येतं आणि शनिवार-रविवारसाठी बंगला भाड्यानं देणारी शिकलीसवरलेली मंडळीही तेच सांगतात. बाटली गिऱ्हाइकाची, पैसे गिऱ्हाइकाचे, पिणारंही गिऱ्हाईकच. आपण फक्त ग्लास, बर्फ, सोडा आणि चखणा द्यायचा. विक्रीच नाही, तर परवाना कशाचा काढायचा?

हा समज साफ चुकीचा आहे. आणि तो इतक्या आत्मविश्वासानं सांगितला जातो की नव्यानं ढाबा टाकणारा पोरगा त्यावर विसंबून धंदा सुरू करतो, आणि छापा पडल्यावर त्याला पहिल्यांदा कायदा कळतो.

मुळापासून पाहू. महाराष्ट्रात मद्याबाबत जो कायदा लागू आहे तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आताचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. हा दारूविक्रीचा कायदा नाही, दारूबंदीचा आहे. दारू बनवणं, नेणं-आणणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, पिणं या सगळ्याला तो आधी मनाई करतो आणि मग परवाना, परमिट, पास अशा वाटांनी ठरावीक सूट देतो. त्यामुळे ‘विकत नाही म्हणून परवाना नको’ ही सुरुवातच उलटी झाली. इथं विचारायचं असतं ते हे की, या जागेत बसून पिण्याला सूट देणारा कागद कोणता?

याच कायद्यात दारूच्या गुत्त्याची व्याख्या आहे. ती नीट वाचली तर निम्मे वाद तिथंच मिटतील. जागेचा मालक किंवा ती चालवणारा स्वतःच्या नफ्यासाठी, फायद्यासाठी तिथं दारू पिऊ देत असेल, तर ती जागा गुत्ता ठरते. मग तो फायदा जागेच्या वापराचे पैसे घेऊन झालेला असो, पिण्याची सोय पुरवून झालेला असो, की आणखी कुठल्या मार्गानं. बाटली कोणी आणली हा प्रश्न या व्याख्येत कुठंही नाही. असा गुत्ता उघडणं, चालवणं हा कलम ६८ खालचा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

आता एखाद्या ढाब्याचं बिल डोळ्यांसमोर आणा. सोडा चार, बर्फ, मसाला शेंगदाणे, चकली, ग्लास सहा, मग खाली चिकन हंडी आणि भाकरी. दारूचा उल्लेख नाही, म्हणून मालक निर्धास्त. पण पिण्याची सोय पुरवून पैसे घेतल्याचं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं असतं! भिंतीवर ‘येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी रंगवलेली असते आणि तिच्याच खालच्या टेबलावर क्वार्टर उघडलेली असते. पाटी रंगवली की जबाबदारी संपते, हाही एक भ्रमच. पिणाऱ्याला उठवलं नाही, उलट त्याला बर्फ नेऊन दिला, तर पाटीनं काहीही वाचत नाही.

‘पण आमच्याकडे सगळी कागदपत्रं आहेत,’ हा पुढचा बचाव. गुमास्ता आहे, अन्नपदार्थांचा परवाना आहे, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे. असू द्या, ते हवेतच. पण गुमास्ता सांगतो की हे दुकान आहे, अन्नपरवाना सांगतो की इथं जेवण बनतं, आणि ग्रामपंचायत सांगते की आमची हरकत नाही. मद्य पिऊ देण्याची परवानगी यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. ती राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून येते. कायम धंदा करायचा तर परमिट रूमचा एफएल-३ परवाना लागतो. त्याचं शुल्क गावाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतं आणि नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. शुल्क जड आहे, छोट्या ढाब्याला ते झेपत नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती सरकारदरबारी मांडायलाच हवी. पण परवडत नाही म्हणून लागत नाही, असं होत नाही.

गिऱ्हाइकाची समजूत तर याहून धोक्याची. ‘आपलं काय, धरलं तर मालकाला धरतील.’ कलम ८४ वाचा. गुत्त्यात पिताना सापडलेला किंवा पिण्यासाठी तिथं आलेला माणूसही दंडाला पात्र आहे. त्याहून कडक भाग पुढे आहे: तिथं पिणं चालू असताना जो हजर असेल तो पिण्यासाठीच आला होता असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे चौघांच्या टेबलावर नुसती शेवभाजी खाणारा पाचवा मित्रही त्या यादीत जातो. नोकरीच्या पडताळणीत हा गुन्हा लपवता येत नाही, हे तरुण पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून माझा जीव तुटतो.

मग घरात चार मित्र बसले तर तोही गुत्ता? नाही. तिथं कोणाचा नफा नाही. पण पिणाऱ्याचं स्वतःचं परमिट तिथंही लागतं, कारण परवाना जागेचा असतो आणि परमिट माणसाचं. ही दोन्ही एकच समजणारे पुष्कळ भेटतात. विदेशी मद्याचं परमिट एका दिवसासाठी पाच रुपये, वर्षासाठी शंभर, आजन्म हजार रुपये. एवढी किरकोळ रक्कम असताना लोक ते का काढत नाहीत, हे मला आजवर उमगलेलं नाही.

हॉलमध्ये, क्लबहाऊसवर किंवा भाड्याच्या फार्महाऊसवर समारंभ असेल आणि मद्य ठेवायचं असेल, तर एक दिवसाचा परवाना मिळतो. लोक त्याला ‘वन डे लायसन्स’ म्हणतात आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. तो त्या जागेपुरता आणि त्या तारखेपुरताच. मद्य राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं. २ ऑक्टोबरसारख्या कोरड्या दिवशी तो चालत नाही, आणि वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी असल्यानं तिथं त्याचा विचारच नको. चंद्रपूरची २०१५ ची बंदी मात्र २०२१ मध्ये उठली आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

‘अठरा पूर्ण झाली, आता चालतं.’ नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, इतर मद्यासाठी २५ वर्षं.

‘ओळख असली की वाइन शॉपचा नवा परवाना मिळतो.’ नवे परवाने सत्तरच्या दशकापासून थांबलेले आहेत. दुकानं सुरू होतात ती जुन्या परवान्याच्या हस्तांतरानं किंवा स्थलांतरानं. नवा काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

‘हायवेपासून पाचशे मीटरच्या आत बार असूच शकत नाही.’ सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६ चा आदेश सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झालं, आणि त्याच वर्षी जुलैत नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना या आदेशाची आडकाठी नाही असा खुलासाही झाला.

‘परवाना आहे, म्हणजे डीजेही चालेल.’ मद्याचा परवाना मद्यापुरता. ध्वनिक्षेपकाला वेगळी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो बंद. बारापर्यंतची सवलत सांस्कृतिक, धार्मिक सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं.

‘लग्नात गाणी वाजवायलाही म्युझिक कंपनीचं लायसन्स लागतं.’ कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारनं २४ जुलै २०२३ च्या नोटिशीत तेच सांगितलं. याच सवलतीबाबत गोवा सरकारनं काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं, म्हणून सूटच गेली असा बोभाटा झाला. रद्द झालं ते परिपत्रक. कलम जागेवर आहे. कंपनीच्या वर्षअखेरच्या पार्टीला मात्र ही सूट नाही.

‘गोव्याची बाटली, बिल आहे, मग काय?’ ते बिल गोव्यात कर भरल्याचं आहे. महाराष्ट्राचं शुल्क त्यावर भरलेलं नसतं, म्हणून इन्सुलीच्या नाक्यावर बिल दाखवून सुटका होत नाही, आणि तीच बाटली एक दिवसाच्या परवान्याच्या समारंभात टेबलावर आली, तर परवाना असूनही गुन्हा दाखल होतो.