आरोग्य म्हणजे काय? मुलांनाच विचारू या

हॉलंड देशाचा आणि आपल्या बेटाचा संबंध फार जुना आहे. १५९८ साली डच खलाशांनी येथे पाय ठेवला आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले. १६३९ साली बटाव्हियाहून ऊसही त्यांनीच आणला. पुढे इंग्रजांच्या काळात त्याच उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आपले पूर्वज बोटीत बसून येथे आले. आज ज्याला आपण साखरेचा आजार म्हणतो, तो मधुमेह आपल्या देशातील सुमारे पाच प्रौढांमागे एकाला जडला आहे. असे घर विरळाच, की जिथे आजीच्या कपाटात गोळ्यांची डबी नाही.

वाचकहो, आज त्याच हॉलंडकडून एक प्रश्न घेण्यासारखा आहे, म्हणून हा लेख. तेथील काही डॉक्टरांनी आणि संशोधकांनी मुलांनाच विचारले, ‘बाळांनो, तुमच्या मते आरोग्य म्हणजे काय?’

हा प्रश्न तर आम्ही शिक्षक रोजच विचारतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. वर्गात हा प्रश्न टाकला की भराभर हात वर होतात. भाजी खावी, दात घासावेत, हात धुवावेत, लवकर निजावे. उत्तरे बिनचूक असतात, आम्ही पैकीच्या पैकी गुण देतो. मग घंटा होते आणि तेच मूल फाटकाबाहेर गाटो-पिमाँ आणि गोड पेयाची बाटली घेऊन उभे असते. आम्ही रागावतो. परंतु त्या मुलाने आपल्याला पुस्तकातले उत्तर दिलेले असते, मनातले दिलेलेच नसते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला एक सूत्र शिकवले होते, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. मुलाला आधी काय ठाऊक आहे ते जाणून घ्या, मगच नवे शिकवा. गणितात आणि भाषेत आम्ही हे सूत्र पाळतो. आरोग्याच्या तासाला मात्र सरळ उपदेशाला सुरुवात करतो.

हॉलंडमधील हकीकत अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आरोग्याची व्याख्या केली, तीत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुखाची परिपूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य, असे म्हटले होते. शब्द मोठे सुंदर आहेत. पण ‘परिपूर्ण’ या शब्दापाशी अडचण होते. या व्याख्येप्रमाणे दमा असलेला मुलगा, चष्मा लावणारी मुलगी, मधुमेहाची गोळी घेऊन मळ्यावर जाणारे आजोबा हे सगळे जन्मभर रोगीच ठरतील. माख्तेल्ड ह्यूबर या डच महिला डॉक्टरांना हे पटेना. डिसेंबर २००९ मध्ये हेग शहरात या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरली आणि २०११ साली ह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नवा विचार मांडला. शरीराची, मनाची किंवा समाजातील कोणतीही अडचण आली तरी तिच्याशी जुळवून घेण्याची आणि स्वतःचा कारभार स्वतः सांभाळण्याची शक्ती म्हणजे आरोग्य, असा त्याचा सारांश आहे.

यानंतर त्यांनी रोगी, डॉक्टर, परिचारिका, अधिकारी, संशोधक, सामान्य नागरिक अशा सर्वांचे मत घेतले. १४० जणांशी बोलणे झाले आणि पुढच्या पाहणीत १९३८ लोकांनी उत्तरे दिली. २०१६ साली निष्कर्ष छापून आले, त्यांतील एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. अधिकारी आणि संशोधक आरोग्याकडे बहुतांशी शरीराच्या बाजूने पाहत होते. रोग्यांना मात्र शरीर, मन, जगण्याचा अर्थ, सुख, लोकांत मिसळणे आणि रोजची कामे या सहाही बाजू जवळजवळ सारख्याच महत्त्वाच्या वाटत होत्या. जो सांगतो त्याची आणि ज्याला सांगायचे त्याची समजूत वेगळी होती. आमच्या वर्गातही याहून वेगळे काय घडते?

मोठ्यांचे झाल्यावर मुलांकडे वळणे ओघानेच आले. उट्रेख्तच्या विल्हेल्मिना बालरुग्णालयातील मंडळींसह संशोधकांनी मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलून त्यांची मते समजून घेतली. त्यांत दीर्घ आजाराची मुले होती, तशी धडधाकट मुलेही होती. त्यातून ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी एक साधा तक्ता तयार झाला. तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. मधून सहा धागे निघतात आणि प्रत्येक धाग्यावर मुलाने स्वतःला शून्य ते दहा गुण द्यायचे. पुढे १६ ते २५ वर्षांच्या तरुणांसाठीही असाच वेगळा तक्ता निघाला.

मुलांच्या तक्त्यातील सहा धागे असे आहेत: माझे शरीर, माझ्या भावना व विचार, आज आणि उद्या, स्वतःविषयी बरे वाटणे, सगळ्यांत सहभाग, आणि रोजचे जीवन. चौथ्या धाग्यासाठी डच भाषेत जो वाक्प्रचार आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘आपल्या कातडीत सुखाने असणे’ असा होतो. तो वाचताना आम्हांला आपला ‘स्वस्थ’ हा शब्द आठवला. स्व म्हणजे आपण आणि स्थ म्हणजे राहणारा. जो आपल्या ठिकाणी नीट आहे तो स्वस्थ. पूर्वजांनी शब्दात ठेवून दिलेली ही शहाणीव आपण मात्र विसरलो आणि ‘स्वस्थ बस!’ एवढ्यापुरताच तो शब्द मुलांसाठी उरवला.

या तक्त्यात गुण कमी पडले म्हणून कोणी नापास होत नाही. आकडा हे केवळ बोलण्याचे निमित्त. मुलगा ‘शरीर’ या धाग्यावर नऊ आणि ‘सहभाग’ या धाग्यावर तीन लिहितो, तेव्हा डॉक्टरांना किंवा बाईंना विचारता येते, ‘हे तीन का रे? आणि यातले काय बदलावे असे तुला वाटते?’ बदल कोणता हवा, हेही मुलानेच सांगायचे असते.

डच कायदाही मुलांच्या समजुतीला मान देतो. बाराव्या वर्षापासून उपचारासाठी आईवडिलांबरोबर मुलाचीही संमती लागते आणि सोळाव्या वर्षापासून साधारणपणे त्याचा निर्णय तोच घेतो. आपल्याकडे असे कसे चालेल, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण मुलांचे मत ऐकून घ्यावे असे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारावर आपल्या मॉरिशसनेही १९९० साली मोहोर उठवली आहे.

म्हणून हॉलंडमध्ये सारे आलबेल आहे, असे समजण्याचे कारण नाही. युनिसेफच्या श्रीमंत देशांच्या पाहणीत बालकल्याणात तो देश २००७ पासून अनेकदा पहिला आला. तरीही तेथील माध्यमिक शाळांतील मुलींमध्ये भावनिक त्रास सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१७ साली २८ टक्के होते, ते २०२१ साली ४३ टक्क्यांवर गेले. नव्या व्याख्येवर टीकाही झाली आहे. स्वतःचे आरोग्य स्वतः सांभाळा असे म्हटले की गरिबी, कोंदट घरे आणि महाग फळे यांची जबाबदारी कोणावर, असे टीकाकार विचारतात. हा आक्षेप रास्त आहे. मुलांना विचारायचे आणि मग सगळा भार त्यांच्याच डोक्यावर टाकायचा, हे बरे नव्हे.

आपल्या काळजाला भिडणारा भाग यापुढे आहे. हॉलंडमध्ये आपल्यासारखेच गिरमिटियांचे वंशज राहतात. १८७३ साली ‘लालारूख’ जहाजातून भारतीय मजूर सुरीनामला पोहोचले. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज हॉलंडला गेले आणि पुष्कळजण हेग शहरात स्थायिक झाले. मधुमेहाने त्यांनाही सोडलेले नाही. पण हेगमध्ये आणखी एक दुःख दिसून आले. स्वतःच्या जिवावर उठण्याचे प्रयत्न हिंदुस्तानी तरुण मुलींमध्ये डच मुलींपेक्षा अधिक होते. डियाना व्हान बेर्गेन या संशोधिकेने २००९ साली ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधासाठी अशा स्थलांतरित घरांतील तरुणींचा अभ्यास केला. शिक्षण, लग्न, येणेजाणे अशा आयुष्यातील मोठ्या निर्णयांत आपल्याला जागाच नाही, ही घुसमट त्यातून समोर आली. या मुली जेवत होत्या, शाळेत जात होत्या. वरवर पाहणाऱ्याला प्रकृती ठणठणीत दिसली असती.

आपली घरे त्या घरांपेक्षा फार वेगळी आहेत का? संध्याकाळी मूल खाजगी शिकवणीहून परतले की आपण दोन प्रश्न विचारतो, ‘जेवलास का?’ आणि ‘किती गुण मिळाले?’ दोन्ही प्रश्न मायेचेच आहेत. पण सहा धाग्यांपैकी एक-दोनच त्यांत येतात. ‘तुला बरे वाटते ना?’ हा प्रश्न आपण ताप आल्यावरच विचारतो.

आमची सूचना साधी आहे. शाळेत, मराठीच्या संध्याकाळच्या वर्गात किंवा घरी एका कागदावर सहा रेघा काढा आणि मुलांना त्यांचे त्यांना लिहू द्या. कागद घरच्या पाहुण्यांना दाखवू नका आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. उत्तर ऐकून लगेच उपदेश सुरू करू नका. मुलाने सांगितलेल्यांतली एखादी तरी गोष्ट आपल्या हातची असेल, ती त्याच आठवड्यात करा. शिकवणीचा एक तास कमी करून फुटबॉलला वेळ देणे जमण्यासारखे आहे. आणि मूल जगण्याला कंटाळल्याची भाषा बोलले, तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवून त्याच्या जवळ राहा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

भाजी खा, हात धुवा हे आपण सांगतच राहू. ते सांगायलाच हवे. पण त्याआधी एकदा विचारू या. आपल्या पूर्वजांना या बेटावर कोणी विचारले नव्हते की तुम्हांला बरे वाटते का. त्यांच्या पणतवंडांना तरी तो प्रश्न घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळावा.