म्हाताऱ्या कुत्र्याचें ओलें अंथरूण

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या उतरणीवरचा डोंगराळ मुलूख. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचौदाशें फूट उंचीवर वसलेलें आहे. १९४८ पर्यंत तेथें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यांत आला. राज्य बदललें, जिल्हा बदलला, परंतु वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी यांच्या पाड्यांवरील एक राखणदार कायम राहिला. तो म्हणजे कुत्रा. रात्रीं दाराशीं निजावें, शेळ्या-कोंबड्या राखाव्या, नाचणी-वरईच्या शेतावर धन्याच्या मागें जावें, हा त्याचा नित्यक्रम.

दहा-बारा वर्षें अशी चाकरी झाल्यावर एके सकाळीं त्याची निजण्याची जागा ओली आढळते. शेणानें सारवलेल्या जमिनींत मूत्र मुरतें आणि घरांत दर्प सुटतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकेंत हीच गोष्ट फरशीवर किंवा सतरंजीवर घडते. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो, कीं कुत्रा घाणेरडा झाला. मग कोणी त्याला मारतो, कोणी त्याचें पाणी तोडतो, कोणी त्याला बाहेर बांधतो. हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. बहुधा त्या मुक्या जिवाला आपल्या हातून काय घडलें हें ठाऊकही नसतें. तो आजारी असतो, आणि त्या आजाराचें कारण पुष्कळदां शोधतां येतें.

मूत्रपिंडांत तयार होणारें मूत्र मूत्राशयाच्या पिशवींत सांठत जातें. पिशवीच्या तोंडाशीं स्नायूंचा एक वेढा असतो. तो आवळलेला असेपर्यंत मूत्र आंत राहतें. पिशवी भरल्याची वर्दी मज्जारज्जूवाटे मेंदूस पोंचते आणि योग्य जागा मिळाली म्हणजे मेंदूच्या आज्ञेनें वेढा सैल होतो. या व्यवस्थेंत मुख्यतः चार प्रकारचे बिघाड होतात. मूत्र फार तयार होतें, पिशवीचा दाह होतो, वेढा दुबळा पडतो, किंवा मज्जारज्जू व मेंदू यांचें काम बिघडतें. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे; म्हणून बिघाड कोठें आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे.

ज्या श्रोत्यांच्या घरीं असा वृद्ध सोबती आहे, त्यांना नुसत्या निरीक्षणानें यांतील बरेंच कळूं शकेल. कुत्री निजलेली असतांना तिच्या खालीं ओल येते, जागेपणीं मात्र ती बाहेर जाऊन नीट लघवी करते, असें असल्यास वेढा दुबळा झाल्याचा संभव अधिक. बीजकोश काढलेल्या माद्यांत हा विकार विशेष आढळतो. कारण वेढ्याचा ताण टिकविण्यास साह्य करणारा बीजकोशाचा स्राव शस्त्रक्रियेनंतर बंद होतो. हा त्रास शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनींही सुरू होऊं शकतो. वारंवार थोडी थोडी लघवी होणें, तींत रक्त दिसणें, ती करतांना कण्हणें, हीं पिशवींतील जंतुदोषाचीं किंवा खड्याचीं लक्षणें होत. नराची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असूं शकते. मागचे पाय ओढीत चालणाऱ्या कुत्र्याचा कणा तपासावा लागतो. रात्रीं उगाच फिरणारा, कोपऱ्यांत अडकून उभा राहणारा, नेहमींचें दार विसरणारा कुत्रा मात्र वार्धक्याच्या बुद्धिभ्रंशाकडे झुकलेला असण्याचा संभव असतो. त्याची पिशवी शाबूत असूनही जुनी संवय हरपते.

घरच्या घरीं करण्याजोगें सर्वांत उपयुक्त मोजमाप पाण्याचें आहे. सकाळीं भांड्यांत मोजून पाणी ओतावें, दिवसभरांत घातलेली भर मोजावी, आणि चोवीस तासांनीं उरलेलें पाणी वजा करावें. दर किलो वजनामागें १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे १० किलो वजनाच्या कुत्र्यानें दिवसांत १ लिटरहून अधिक पाणी पिणें, हें रोगाचें चिन्ह समजतात. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, किंवा अधिवृक्क ग्रंथींचा अतिरिक्त स्राव यांपैकीं कांहीं त्यामागें असूं शकतें. मूत्रपिंडाला पाणी राखतां येत नाहीं, म्हणून तो कुत्रा इतका पितो. त्याचें पाणी तोडणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय.

हें टिपण आणि सकाळच्या पहिल्या लघवीचा स्वच्छ बाटलींत धरलेला नमुना घेऊन पशुवैद्याकडे जावें. अवघड प्रसंगीं मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जंतुदोषावर प्रतिजैविकें आहेत. दुबळ्या वेढ्यावर फेनिलप्रोपॅनोलॅमीन, व माद्यांसाठीं इस्ट्रिऑल, हीं औषधें आहेत. त्यांनीं बऱ्याच कुत्र्यांची गळती थांबते किंवा पुष्कळ कमी होते. मात्रा वैद्यानेंच ठरवावी, कारण यांतील पहिलें औषध रक्तदाब वाढवूं शकतें. कुत्रा जोर करतो पण लघवी होत नाहीं, किंवा नुसते थेंब पडतात, असें दिसल्यास त्याच दिवशीं वैद्य गांठावा. मार्ग अडलेला असल्यास एक-दोन दिवसांत प्राणावर बेततें.

औषध लागू पडेपर्यंत, आणि कांहीं कुत्र्यांच्या बाबतींत अखेरपर्यंत, शुश्रूषेवरच भिस्त ठेवावी लागते. जव्हार-मोखाड्याच्या पावसांत धुतलेली गोधडी दिवसचे दिवस वाळत नाहीं. तेथें भाताचा पेंढा कामीं येतो. चार बोटें उंच फळी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर पेंढ्याचा जाड थर आणि वर जुनें सुती कापड, असें अंथरूण करावें व ओला पेंढा रोज उकिरड्यावर टाकावा. शहरांत पेंढ्याऐवजीं जुनीं वर्तमानपत्रें चालतात. निजण्यापूर्वीं, उठल्याबरोबर व जेवणानंतर कुत्र्यास बाहेर न्यावें. मागच्या पायांमधले केस कातरावे, कोमट पाण्यानें अंग पुसून कोरडें करावें, आणि कातडीवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. लहान मुलांचें झिंक ऑक्साइडचें मलम लावूं नये. कुत्रा तें चाटतो आणि जस्त त्याला बाधतें. पावसाळ्यांत ओल्या, मळक्या केसांवर माशा अंडीं घालतात व पाहतां पाहतां किडे पडतात, यासाठीं शेपटीखालीं रोज पाहावें.

घरच्या माणसांनींही जपावें. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत लेप्टोस्पायरोसिस हा रोग आढळतो. त्याचे जंतू मुख्यतः उंदीर-घुशींच्या, परंतु गुरांच्या व कुत्र्यांच्याही मूत्रावाटे पाण्याचिखलांत उतरतात आणि कातडीवरील जखमेंतून शरीरांत शिरतात. म्हणून सफाई करतांना हातमोजे घालावे, नंतर साबणानें हात धुवावे, आणि पायास चीर असतां ओलींत अनवाणी जाऊं नये. कुत्र्यास या रोगाची लस दर वर्षीं टोंचवितां येते. एवढी खबरदारी घेतल्यास त्याला घराबाहेर काढण्याचें कारण उरत नाहीं.

बाहेर काढण्याचा अर्थ डोंगरांत फार कठोर आहे. ज्या मुलखांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, तेथें रात्रीं अंगणांतून बिबट्या कोणाला उचलतो हें लहान मुलासही ठाऊक असतें. कानानें मंद व पायानें अधू झालेला राखणदार रात्रीं बाहेर बांधणें म्हणजे त्याला बिबट्याच्या हवालीं करणें. शहरांत त्याला रस्त्यावर सोडणेंही दयेचें कृत्य नव्हे. उपासमारीनें किंवा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरतो.

भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागें, त्याला ती कोरडी खावी लागूं नये म्हणून, नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हाताऱ्या कुत्र्याला तुपाची गरज नाहीं. कोरडें अंथरूण, भरलेलें पाण्याचें भांडें आणि त्याची निकड ओळखून वेळेवर उघडलेलें दार, एवढ्यावर त्याचे उरलेले दिवस सुखाचे होतात.