शेषनाग नव्हे, शिलारस!

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. काही दिवसांतच आमच्या वस्तीत ‘भूकंपशांती’ची वर्गणी मागायला माणसे आली. शेषनागाने फणा हलवला, असे त्यांचे म्हणणे. आईने मजुरीतले पाच रुपये दिले. वाचक बंधु-भगिनींनो, ते पाच रुपये मला आजही टोचतात.

परवा विहारात एका मुलीने विचारले, “काका, आपल्या गडहिंग्लजला ज्वालामुखी हुईल काय?”

म्हटले, बाळ, ज्वालामुखीचाच काळा दगड तुझ्या घराच्या जोत्यात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर लाव्हारसाचे थरावर थर साचले. पुढे भारताच्या पश्चिमेची जमीन फाटली आणि सेशेल्स बेटांचा तुकडा वेगळा झाला. त्या ओढाताणीत जमीन वाकली. पनवेलजवळ हे थर समुद्राकडे कललेले आहेत. धुळे-नंदुरबारकडे भेगांत घुसून थिजलेला शिलारस भिंतींसारखा उभा आहे. आपल्या भिक्खूंची अजिंठा-कार्ल्याची लेणी याच कातळात कोरलेली.

आपल्याकडची ही भट्टी केव्हाच विझली. (किल्लारीचा आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्वालामुखीचे नव्हेत.) पण असली घडामोड आज पाहायची तर आइसलँड पाहावा. तिथे दोन प्रचंड भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. खाली शिलारस साचला की जमीन भाकरीसारखी फुगते. तो आडवा पळून भेगेत घुसला की दोन्ही काठ रेटले जातात आणि मधली पट्टी खचते. उपग्रह आणि जमिनीवरची यंत्रे हे फुगणे-खचणे सेंटिमीटरच्या हिशेबात मोजतात. इथिओपियाच्या अफार भागात तर २००५ साली सुमारे साठ किलोमीटर लांबीत शिलारस घुसला आणि जमीन आठ मीटरपर्यंत फाकली. आमची गल्लीही एवढी रुंद नाही!

१० नोव्हेंबर २०२३ ला आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाखाली असाच शिलारस शिरला. यंत्रांचे आकडे बघून सरकारने सुमारे ३,८०० माणसे रातोरात हलवली. गावातली पट्टी मीटरभर खचली, रस्ते फाटले. १४ जानेवारी २०२४ ला लाव्हाने तीन घरे जाळली. आत माणूस नव्हते. वाचले ते मोजमापाने, वर्गणीने नव्हे.

एक मात्र गेला. त्याआधी चारच दिवस, भेगा बुजवण्याच्या कामावरचा एक कामगार जमिनीत पडला. खूप शोधले, सापडला नाही.

मुलीला हेही सांगितले. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “त्येला पाठवायच्या आधी तिथली जमीन का मोजली न्हाई?”