दलित स्त्रियांचा मौखिक इतिहास

आम्हीही इतिहास घडवला (१९८९) : ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ग्रंथ. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या प्रत्यक्ष मुलाखती. इंग्रजी अनुवाद २००८, वंदना सोनाळकर.

महाड, डिसेंबर १९२७ : बाबासाहेबांनी स्त्रियांच्या सभेत लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने बदलायला सांगितले.

नागपूर, २० जुलै १९४२ : अखिल भारतीय दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे.

रात्रंदिन आम्हा : शांताबाई दाणींनी सांगितले, भावना भार्गवे यांनी शब्दांकन केले. म्हणजे मुलाखत नव्हे, सांगून लिहिलेले आत्मचरित्र.

स्पॅरो, मुंबई : स्त्रियांविषयीचे अभिलेखागार, १९८८ पासून. ध्वनी-चित्रफिती, छायाचित्रे.

तुलनेसाठी, अमेरिकेत : रॅडक्लिफच्या श्लेसिंजर ग्रंथालयाचा कृष्णवर्णीय स्त्रियांचा मौखिक इतिहास प्रकल्प, १९७६ ते १९८१. मुलाखती ७२.