योजना आणि फेरविचार : प्रकल्प-पद्धतींच्या समन्वयासंबंधी

संशोधन-प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा आरंभीच निश्चित करावा, की काम करीत असता अनुभवानुसार तो घडवीत जावा? संगणक-प्रणालींच्या व्यवसायात पहिल्या मार्गास ‘वॉटरफॉल’ आणि दुसऱ्यास ‘ॲजाईल’ अशी नावे रूढ आहेत. दुसऱ्याचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात १७ जणांनी सिद्ध केला. तथापि या दोहोंचा समन्वय ही सर्वस्वी नवी गोष्ट नव्हे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्रथम १९२३ साली उत्गीकरांनी संपादिलेले विराटपर्व केवळ प्रायोगिक म्हणून विद्वानांपुढे ठेवण्यात आले. पुढे १९२५ साली डॉ. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. त्यांच्या आदिपर्वाचा पहिला खंड १९२७ साली निघाला व ते पर्व १९३३ साली पूर्ण झाले. विराटपर्वही रघुवीर यांनी नव्याने संपादिले व ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण संहितेचे कार्य १९६६ साली सिद्धीस गेले.

येथे स्थिर काय होते व परिवर्तनीय काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. पाठ-निवडीची तत्त्वे आणि पाठभेद नोंदविण्याची रीत स्थिर होती; कारण ती मध्येच बदलली असती, तर पर्वापर्वांत एकवाक्यता उरली नसती. उलटपक्षी, प्रत्येक पाठासंबंधीचा निर्णय मात्र खुला होता. संशयित पाठाखाली नागमोडी रेषा देऊन आणि तळटीपांत पाठभेद छापून संपादकांनी फेरविचाराची सोय ग्रंथातच करून ठेवली.

बोलींच्या पाहणीसही हाच न्याय लागू पडतो. निम्मी गावे झाल्यावर मूळ शब्दसूची बदलली, तर आधीच्या गावांची सामग्री नंतरच्या गावांशी तुलनेस निरुपयोगी ठरते. म्हणून सूचीची चाचणी दोन-तीन गावांत आधीच घ्यावी, दोष दिसतील ते दुरुस्त करावेत आणि मग तिचा गाभा कायम करावा. नंतर सुचलेले प्रश्न स्वतंत्र पुरवणीत घालावेत. विश्लेषण मात्र प्रत्येक टप्प्यावर तपासावे.

सारांश, समन्वय म्हणजे दोन पद्धतींची समसमान भेसळ नव्हे. जो निर्णय मागाहून बदलल्यास पूर्वीचे श्रम वाया जातात, तो चाचणीनंतर स्थिर करावा. ज्याच्या बदलाने केवळ निष्कर्ष सुधारतो, तो अखेरपर्यंत खुला ठेवावा. हा विवेक आरंभीच केला नाही, तर हानी वेळापत्रकाची होतेच, पण त्याहूनही अधिक ती सामग्रीच्या विश्वसनीयतेची होते.