रॅपवेड्यांचे लाडके साल

रॅप म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ना आलाप, ना तान, नुसती तोंडाची टकळी! पण ठेक्यात भरभर बोलण्याचे आपल्याला एवढे वावडे असायचे कारण नाही. १९६८ च्या 'आशीर्वाद' चित्रपटात अशोककुमारांनी म्हटलेले 'रेलगाडी' नातवंडांना हौसेने ऐकवणारे आजोबा आजही भेटतात. फरक एवढाच, की 'रेलगाडी' बच्चेकंपनीसाठी होती आणि अमेरिकेतील रॅप जन्मले न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेता यावेत म्हणून बहिणीने ती पार्टी ठेवली होती. हर्कची युक्ती साधी होती. गाण्यातील ज्या नुसत्या तालाच्या तुकड्यावर मंडळी बेभान नाचत, तो तुकडा एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावून तो लांबवत असे. त्या तालावर माइक हाती घेऊन यमके जुळवत बोलणे सुरू झाले, आणि हिप हॉपची घडी बसली.

या संगीताच्या जुन्या शौकिनांना त्यांचे लाडके साल विचारले, तर १९९५ चे नाव हमखास निघते. आपल्याकडे तेव्हा केबल टीव्ही घरोघर पोहोचत होता, बाबा सहगलच्या १९९२ मधील 'ठंडा ठंडा पानी'मुळे रॅप हा शब्दही कानांवरून गेला होता. त्या वर्षाची अमेरिकेतील गाणी आठवायची, तर पहिला मान अर्थातच कूलिओच्या 'गँगस्टाज पॅरडाइज'चा.

'डेंजरस माइंड्स' या चित्रपटासाठी हे गाणे वापरले गेले. वाह्यात ठरवलेल्या मुलांच्या वर्गात शिकवायला गेलेल्या एका शिक्षिकेची ती कथा आहे. मिशेल फायफर ही त्यातील नायिका गाण्याच्या व्हिडिओतही दिसते. गुंडगिरीच्या वाटेवर फार पुढे गेलेला तरुण आपल्याच आयुष्याकडे वळून पाहतो, असा गाण्याचा विषय आहे. चाल मात्र मूळची स्टीव्ही वंडर या अंध गायक-संगीतकाराची, त्याच्या १९७६ च्या 'पास्टाइम पॅरडाइज'ची. गंमत म्हणजे त्या मूळ गाण्यात शेवटी हरे कृष्ण भक्तांचे नामस्मरण ऐकू येते! चाल वापरू देण्यासाठी स्टीव्हीने एक अट घातली: गाण्यात शिवीगाळ नको. कूलिओने ती मानली, शब्द बदलले आणि गाणे सर्व वयाच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाच्या वार्षिक यादीत १९९५ चे पहिल्या क्रमांकाचे गाणे तेच ठरले. एका बुजुर्गाची अट एखाद्या गाण्याच्या इतकी पथ्यावर पडल्याची उदाहरणे थोडीच असतील. कूलिओ २०२२ मध्ये गेला.

यादीत हलकीफुलकी गाणीही आहेत. स्की-लोचे 'आय विश' म्हणजे बुटक्या, साध्यासुध्या मुलाने उंच होण्याची केलेली इच्छा. बढाया मारणाऱ्यांच्या गर्दीत स्वतःवर हसणारा हा एकटाच! मेथड मॅन आणि मेरी जे. ब्लाइज यांनी मार्विन गे व टॅमी टेरेल यांचे १९६८ चे प्रेमगीत नव्या ठेक्यात आणले आणि ग्रॅमी मिळवले.

मॉब डीप या न्यूयॉर्कच्या जोडीचे 'शुक वन्स, पार्ट टू' मात्र अंगावर काटा आणणारे आहे. ते गाणाऱ्या दोघांची तेव्हा जेमतेम विशी होती. त्यातील भेसूर स्वर कोणत्या जुन्या तबकडीतून उचलले, याचा शोध चाहते वर्षानुवर्षे घेत होते. उत्तर सापडले २०११ मध्ये. जॅझ पियानोवादक हर्बी हँकॉकच्या 'जेसिका' या शांत रचनेतील काही सूर वेग बदलून असे काही फिरवले होते, की ओळख पटू नये. सोळा वर्षे एका तुकड्याच्या मागे लागणारे श्रोते ज्या संगीताला लाभले, त्याला नुसता गोंगाट कसे म्हणावे?

टीएलसी या तीन मुलींच्या 'वॉटरफॉल्स'मध्ये रॅप थोडेच, पण ते वगळून चालणार नाही. अमली पदार्थांच्या धंद्यात शिरलेल्या मुलाला आवरू न शकणारी आई आणि एड्सने खंगत जाणारा तरुण, अशा दोन कहाण्या त्यात आहेत. जुलै १९९५ मध्ये गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सात आठवडे तेथेच राहिले. त्याच जुलैत तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता! लाखो तबकड्या खपूनही कलावंताच्या पदरात किती पडते, याचा याहून बोलका दाखला नको.

आईचे गाणे

त्याच वर्षी रॅपवर मोठे वादळ उठले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत मोर्चात चाललेल्या सी. डेलोरेस टकर या कृष्णवर्णीय नेत्या हिंसक आणि स्त्रियांना हिणवणाऱ्या गाण्यांविरुद्ध उभ्या ठाकल्या. टाइम वॉर्नर कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जाऊन त्यांनी जाब विचारला. दडपण इतके वाढले, की कंपनीने इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतील आपला निम्मा हिस्सा सोडून दिला. टकरबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. ती गाणी घरात लावण्याजोगी नव्हतीच. पण त्याच इंटरस्कोपने त्याच वर्षी टुपाक शकूरचे 'डिअर मामा' काढले होते.

टुपाकची आई अफेनी ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती होती. कटाच्या खटल्यात ती गरोदरपणीच तुरुंगात होती. न्यायालयात तिने स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली. महिनाभरात मुलगा झाला. पुढे गरिबी आली, आई क्रॅकच्या व्यसनात सापडली, मायलेक दुरावले. 'डिअर मामा'मध्ये टुपाक यातले काहीच झाकत नाही. आई व्यसनी होती हे तो उघड सांगतो आणि तरीही एकटीने मुलांना वाढवणाऱ्या तिचे ऋण फिटणार नाही, असे म्हणतो.

हे गाणे ज्या संग्रहात आहे, तो मार्च १९९५ मध्ये आला तेव्हा टुपाक एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होता. आईचे असे गाणे लिहिणारा आणि एका तरुणीचा अपराधी, दोन्ही तोच. तुरुंगात असतानाच त्याचा संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासला झालेल्या गोळीबारात तो मारला गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. व्यसनातून बाहेर पडलेल्या अफेनीने दुसऱ्याच वर्षी मुलाच्या नावाने संस्था काढून मुलांना कला शिकवण्याचे काम आरंभले.

२०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत 'डिअर मामा'ची नोंद केली. अफेनी तेव्हा हयात होती.